बेरीज कुठं करायची आणि गुणाकार कुठं?

बाई, नमस्कार. माझी लेक आठवीला आहे, गावातल्याच शाळेत. बाकी गणित तिला जमतं, पण घातांकाचा धडा लागल्यापासून लेकरू पार गोंधळून गेलंय. नियम सगळे तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवते. तरी चाचणीत वीसपैकी सातच मिळाले. वही बघितली तर बेरीज करायची तिथं गुणाकार केलाय अन् दुसरीकडं उलटं. मला म्हणाली, "आई, इथं बेरीज का अन् तिथं गुणाकार का, एवढंच सांग." मी दहावी झालेली आहे, पण आता काही आठवत नाही, मला सांगता आलं नाही. तिचे पप्पा म्हणतात, कापूस विकला की परभणीला क्लास लावू. रोजचं जाणं-येणं, खर्च, त्यात पोरीला एकटीला पाठवायचं. मी घरी काही करू शकते का? तिच्या वहीतली या धड्याची उदाहरणं, चुकलेली अन् बरोबर आलेलीही, सोबत उतरवून पाठवते.
— एक आई, मानवत तालुका, जि. परभणी

ताई, नमस्कार.

क्लासचं आधी सांगते. या एका धड्यासाठी क्लास लावू नका. तुम्ही पाठवलेली उदाहरणं मी एकेक करून पाहिली. तुमची लेक आकडेमोडीत कुठंही चुकलेली नाही. तीन चोक बारा, तीन आणि चार सात, सगळं बरोबर आहे. कुठलं सूत्र कुठं लावायचं हे ती आठवणीवर ठरवते, तेवढंच चुकतंय. क्लासमध्येही बहुतेक ठिकाणी तीच सूत्रं फळ्यावर लिहून देतील आणि पाठ करायला सांगतील. जे तिला आधीच पाठ आहे, त्यासाठी कापसाचे पैसे मोजायची गरज नाही.

तिनं तुम्हाला जो "का" विचारला, त्यातच अख्खा धडा आहे. त्याचं उत्तर तुम्हाला देता येईल, दहावीचं काही आठवत नसलं तरी.

5⁴ असं लिहिलं की 5 हा पाया आणि डोक्यावरचा लहान 4 हा घातांक. हा 4 पाचाशी गुणायचा नसतो. गुणाकारात पाच किती वेळा लिहायचा, एवढंच तो सांगतो: 5 × 5 × 5 × 5, म्हणजे 625. घातांक ही मोजणी आहे. लांबलचक गुणाकार पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून केलेलं आखूड लिखाण. पुढं मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघतं, म्हणून लेक इथं घाई करत असेल तर तिला थांबवा. (पुस्तकात एक्स आणि वाय असतात. मी इथं क्ष आणि य लिहिते, हिशेब तोच.)

तिचं पहिलं चुकलेलं उदाहरण आहे क्ष³ × क्ष⁴. तिनं उत्तर लिहिलंय क्ष¹². तिला पुस्तक मिटायला सांगा आणि एवढंच म्हणा, "उलगडून लिही." ती लिहील:

(क्ष × क्ष × क्ष) × (क्ष × क्ष × क्ष × क्ष)

आता कंस पुसायला सांगा. सगळीकडं गुणाकारच आहे, त्यामुळं कंस गेल्यानं काही बिघडत नाही. ओळीत क्ष किती राहिले? बोट ठेवून मोजू द्या. तीन अलीकडचे, चार पलीकडचे, एकूण सात. म्हणून क्ष⁷. पुस्तकात लिहिलंय म्हणून बेरीज करायची असं नाही. तीन आणि चार एका ओळीत आले की मोजताना सातच भरतात, दुसरं काही भरू शकत नाही.

अक्षरावर तिचा विश्वास बसत नसेल तर क्षच्या जागी 10 ठेवा. 10³ म्हणजे हजार, 10⁴ म्हणजे दहा हजार. दहा हजार माणसांनी हजार-हजार रुपये काढले तर किती जमतील? एक कोटी. एकावर सात शून्यं, म्हणजे 10⁷. तिच्या उत्तराप्रमाणं 10¹² धरलं तर ते लाख कोटी होतात. इतके पैसे जमणार नाहीत हे तिला गणिताशिवायही कळतं. दहाचा पाया घेतला की शून्यं मोजून उत्तर तपासता येतं, म्हणून घरी सरावाला 10 फार कामाला येतो.

मग गुणाकार कुठं करायचा? (क्ष³)⁴ असं आलं की तिथं. इथं कंसाबाहेरचा 4 काय मोजतो, हे तिला विचारा आणि उत्तरासाठी थांबा. तो सुटे क्ष मोजत नाही. कंसात जे काही आहे ते अख्खं किती वेळा लिहायचं ते तो सांगतो. म्हणजे क्ष³ × क्ष³ × क्ष³ × क्ष³. आता हे तर आधीचंच उदाहरण झालं. घातांकांची बेरीज करायची: 3 + 3 + 3 + 3. तेच तीन चार वेळा मिळवायचे, म्हणजे तीन चोक बारा. क्ष¹².

म्हणजे इथंही मुळात बेरीजच आहे. तीच ती संख्या पुन्हा पुन्हा मिळवावी लागते म्हणून ती गुणाकारानं उरकायची. तिला वाटतं तसे हे दोन वेगळे नियम नाहीत, दुसरा पहिल्याच्याच पोटातून आलेला आहे. हे तुम्ही सांगून टाकू नका. ओळ तिच्या हातानं लिहून होऊ द्या, म्हणजे बहुतेक तीच म्हणेल. मध्ये गुणिलेचं चिन्ह आणि दोन्हीकडं तोच पाया दिसला तर घातांकांची बेरीज. एकाच पायावर एक घातांक कंसाच्या आत आणि दुसरा कंसाच्या बाहेर असेल तर घातांकांचा गुणाकार. पण ही ओळख उलगडून लिहिल्यानंतरची, आधी सांगितली तर तेही आणखी एक पाठांतर होईल.

तिच्या वहीत मला एक जागा दिसली. धड्याचं पहिलंच उदाहरण क्ष² × क्ष² आहे, उत्तर क्ष⁴, त्यावर बरोबरची खूण. त्याच्या खाली (क्ष²)², उत्तर पुन्हा क्ष⁴, पुन्हा बरोबर. दोन अधिक दोन चार होतात आणि दोन गुणिले दोनही चारच होतात. मुलानं बेरीज केली की गुणाकार, हे उत्तरावरून कुणालाच कळत नाही, शिक्षकांनाही नाही आणि मुलालाही नाही. चुकीच्या रीतीला बरोबरची खूण मिळते आणि ती मनात घट्ट बसते. तिचा गोंधळ तिथूनच सुरू झाला असावा, असं मला वाटतं. या धड्यात पहिलं उदाहरण दोन-दोनचं घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. घरी देताना 3 आणि 4 घ्या, 2 आणि 5 घ्या, म्हणजे बेरीज आणि गुणाकार लगेच वेगळे पडतात.

आता थोडं पाण्याकडं येते. जायकवाडीचा डावा कालवा तुमच्या परभणी जिल्ह्यात येतो आणि पावसाळ्यात पेपरमध्ये धरणाचा साठा रोज छापून येतो, कधी टीएमसीमध्ये, कधी दलघमीमध्ये. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. 10³ × 10⁶ = 10⁹ घनफूट. तुमच्या लेकीचा बेरजेचा नियम त्या नावातच आहे. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, 10⁶ घनमीटर.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असा हौद मनात आणा. त्यात एक घनमीटर पाणी मावतं. मीटरचे सेंटिमीटर 100, म्हणजे 10². मग हौदाचे घनसेंटिमीटर किती? लांबी, रुंदी, खोली तिन्ही 10², म्हणून (10²)³. इथं ज्या मुलाला बेरीज करायची सवय लागलेली असते ते 10⁵ लिहून मोकळं होतं. उलगडून बघा: 100 × 100 × 100 = 10,00,000. सहा शून्यं. म्हणजे 10⁶, दोन त्रिक सहा. आता एक लिटर म्हणजे 1000 घनसेंटिमीटर, 10³. हौदात हजार लिटर मावतात असं धरलं तर 10³ × 10³ = 10⁶, बरोबर जुळतं. घातांकाचे दोन्ही नियम एकाच हौदात तपासून झाले, एकदा गुणाकार आणि एकदा बेरीज, आणि दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं.

पुढं जायचं असेल तर एक दलघमी म्हणजे असे 10⁶ हौद. प्रत्येकात 10³ लिटर. 10⁶ × 10³ = 10⁹ लिटर, शंभर कोटी. उन्हाळ्यात गावाला येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरा, 10⁴. असे किती टँकर आले म्हणजे एक दलघमी पाणी होईल? चारमध्ये किती मिळवले की नऊ? पाच. 10⁵, एक लाख टँकर. जायकवाडीची एकूण साठवण क्षमता 2,909 दलघमी आहे. हजार म्हणजे 10³, म्हणून 2.909 × 10³ × 10⁶ × 10³ लिटर. तीन, सहा, तीन: बारा. मघाशी पैशांच्या हिशेबात जो 10¹² चुकून आला होता, तो इथं खरोखर येतो, जवळजवळ तीन लाख कोटी लिटर. लेकीला हा हिशेब स्वतः करू द्या. पुस्तकातलं कुठलंही उदाहरण तिला एवढं पटणार नाही.

बाकीच्या चुका आता भराभर बघू. एकदा उलगडायची सवय लागली की त्यातल्या निम्म्या आपोआप जातील.

2³ × 2⁴ चं उत्तर तिनं 4⁷ लिहिलंय. घातांकांची बेरीज केली ते बरोबर, पण तिनं पायाही गुणला. उलगडून लिहिलं तर ओळीत सात वेळा 2 दिसेल, 4 कुठंच दिसणार नाही. उत्तर 2⁷, म्हणजे 128. ताळा करायचा तर 8 × 16 = 128. आणि 4⁷ म्हणजे 16,384, कुठल्या कुठं गेलं ते.

2³ × 3⁴ चं तिनं 6⁷ केलंय. इथं पाया वेगळा आहे, त्यामुळं एका ओळीत मोजायला एकच जातीची संख्या नाही. तीन वेळा 2, चार वेळा 3. हे आहे तसंच ठेवायचं, नाहीतर किंमत काढायची: 8 × 81 = 648. हा भेद फार जुना आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात सांगून ठेवलंय, की एकाच जातीच्या अव्यक्त राशी (किंमत माहीत नसलेल्या, आपल्या क्षसारख्या) एकमेकींनी गुणल्या तर वर्ग, घन असे होत जातात, आणि जाती वेगळ्या असतील तर तो गुणाकार निराळा समजायचा, त्याला ते 'भावित' म्हणतात. डोक्यावर लहान आकडा लिहायची आजची रीत त्यानंतर कितीतरी वर्षांनी रूढ झाली, देकार्त या फ्रेंच गणितज्ञाच्या 1637 सालच्या भूमितीवरील ग्रंथापासून.

पाया वेगळा असूनही एका ठिकाणी जोडी जमते, घातांक सारखे असतील तर. 2³ × 5³ उलगडा. तीन दोन आणि तीन पाच आहेत, प्रत्येक दोनाला एक पाच मिळतो: (2 × 5) × (2 × 5) × (2 × 5). म्हणजे 10³, एक हजार. 8 × 125 करून बघा, हजारच येतात. हीच गोष्ट उलट्या बाजूनं (3क्ष²)³ मध्ये आहे. तिनं उत्तर लिहिलंय 3क्ष⁶. क्षचं बरोबर आलं, पण 3 तसाच राहिला. बाहेरचा घातांक कंसातल्या सगळ्यांना लागू होतो, तिनालाही: 3 × 3 × 3 = 27. उत्तर 27क्ष⁶. मोठ्या वर्गातली मुलंसुद्धा ही चूक करताना मी पाहिली आहेत, त्यामुळं तिला रागावू नका, फक्त कंस तीनदा लिहायला लावा.

5क्ष² × 4क्ष³ चं 9क्ष⁵ झालंय, म्हणजे एकदा बेरीज मनात आली की तिनं सगळ्याचीच बेरीज केली. 5 आणि 4 हे खाली उभे आहेत, ते सहगुणक, त्यांचा गुणाकारच होणार. उत्तर 20क्ष⁵. क्ष × क्ष⁵ मध्ये सुट्या क्षवर न लिहिलेला 1 असतो, म्हणून क्ष⁶. आणि क्ष³ + क्ष³ चं क्ष⁶ नाही. मध्ये अधिकचं चिन्ह आहे, गुणाकाराचा नियम इथं यायचं कारणच नाही. हजार आणि हजार दोन हजार होतात, दहा लाख नाही. उत्तर 2क्ष³.

उत्तर तपासण्यासाठी क्षच्या जागी संख्या ठेवायची सवय फार चांगली, पण 1 ठेवू नका. एकाचा कितवाही घात एकच असतो, त्यामुळं चुकीचं उत्तरही बरोबर दिसतं. 2 ठेवतानाही सावध राहा. 2³ + 2³ म्हणजे 16, आणि 2⁴ सुद्धा 16. त्यावरून मूल समजून बसतं की क्ष³ + क्ष³ म्हणजे क्ष⁴. तीन किंवा दहा घ्यावेत.

पुढं याच धड्यात लेक तुम्हाला अडवेल, ते आधीच सांगून ठेवते. घातांक म्हणजे मोजणी, तर मग 5⁰ म्हणजे काय, पाच शून्य वेळा कसा लिहायचा? आठवीच्या पुस्तकात तर घातांकात अपूर्णांकही येतात, अर्धा वेळा कसं लिहिणार? प्रश्न अगदी योग्य आहे. इथं बोटानं मोजणं संपतं. पण बेरजेचा नियम मोडू द्यायचा नाही असं ठरवलं, की उत्तर आपोआप मिळतं. 5⁰ × 5³ मध्ये घातांकांची बेरीज तीनच येते, म्हणजे उत्तर 5³. ज्यानं गुणलं तरी काही बदलत नाही अशी संख्या एकच, ती म्हणजे 1. म्हणून 5⁰ = 1. तसंच नवावर एक द्वितीयांश हा घातांक असेल आणि ती संख्या स्वतःशीच गुणली, तर अर्धा आणि अर्धा मिळून एक, म्हणजे उत्तर 9. स्वतःशी गुणल्यावर 9 देणारी धन संख्या 3. म्हणून तो घातांक म्हणजे वर्गमूळ. ज्या मुलानं बेरजेचा नियम नुसता पाठ केलाय त्याला हे जादूसारखं वाटतं आणि तो घाबरतो. ज्यानं तो मोजून मिळवलाय त्याला हे पटतं.

आता घरी काय करायचं ते. तुम्ही शिकवायला बसू नका, विचारायला बसा. संध्याकाळी तुम्ही भाकरी करत असताना ती शेजारी वही घेऊन बसली तरी चालेल. रोज तीनच उदाहरणं. उत्तर लिहिण्याआधी उलगडलेली ओळ वहीत आलीच पाहिजे, एवढा एकच आग्रह धरा. "मोजून दाखव" आणि "हा बाहेरचा आकडा काय मोजतोय?" हे दोन प्रश्न विचारायला बीजगणित आठवावं लागत नाही. काही दिवसांनी ती उलगडून लिहायला कंटाळेल. कंटाळू द्या, आणि मग क्ष²⁰ × क्ष³⁰ द्या. पन्नास क्ष लिहायला ती तयार होणार नाही, मनातच मोजेल, आणि सूत्र कशासाठी असतं ते तिला त्या दिवशी कळेल.

घातांक पहिल्यांदा सातवीत येतात. तिचं सातवीचं पुस्तक घरात असेल तर तो धडा आधी करून घ्या. नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं, मोबाइलवरही वाचता येतं. वही घेऊन शाळेतल्या सरांनाही एकदा भेटा आणि ते दोन-दोनचं उदाहरण त्यांना दाखवा. वर्गात आणखी मुलं तिथंच अडकलेली असणार. तिच्या पप्पांना सांगा, की या सत्राच्या परीक्षेपर्यंत थांबू. उलगडून लिहूनही तिला मोजता येत नसेल, किंवा पुढचे विस्तार आणि अवयव हे धडेही अडले, तर क्लासचा विचार करू, आणि तोही आधी मानवतमध्ये बघू.

सुरुवातीला तिला ही सहा उदाहरणं द्या. मुद्दाम मिसळून दिली आहेत, कुठलं सूत्र ते लिहिलेलं नाही:

क्ष⁵ × क्ष²
(क्ष⁵)²
क्ष⁵ + क्ष⁵
2क्ष⁵ × 3य²
(2क्ष⁵)³
क्ष × क्ष⁵

उत्तरं क्रमानं क्ष⁷, क्ष¹⁰, 2क्ष⁵, 6क्ष⁵य², 8क्ष¹⁵ आणि क्ष⁶. ती तुमच्याजवळच राहू द्या. जिथं अडेल ते उदाहरण मला पाठवा, पण नुसतं उत्तर नको, तिनं उलगडून लिहिलेल्या ओळीसकट पाठवा. चूक कुठं झाली ते त्या ओळीतच दिसतं.